एक धागा उलटा

छत्तीस वर्षं पोस्टात काढलेल्या माणसाला तिकीट म्हणजे काय ते दुसऱ्यानं शिकवावं, हे मला मुळीच खपत नाही. मी देवीलाल राठोड, बाभुळगावच्या पोस्टातून सबपोस्टमास्तर म्हणून निवृत्त झालो. नोकरीतच इंग्रजांच्या काळातली तिकिटं जमवायचा नाद लागला आणि आज यवतमाळच्या घरात माझे अकरा अल्बम आहेत. बायको पुष्पा त्यांना ‘तुमची दुसरी’ म्हणते. जिल्ह्यात कुणाला जुन्या तिकिटाचं खरं-खोटं विचारायचं झालं तर लोक माझ्याकडे येत आणि मी चष्मा कपाळावर चढवून ऐटीत निकाल देत असे. हे सगळं सुरळीत चालू असताना एका उंदरानं माझा कोट कुरतडला.

कोट लोकरी होता, निवृत्तीच्या समारंभासाठी शिवलेला. खांद्यापाशी बोट जाईल एवढं भोक पडलं होतं. मी तो मोलकरणीला द्यायला निघालो, तर पुष्पा म्हणाली, “फेकाफेकी कायले करता? कापड बाजाराच्या मागं गुलनारबी बसते, तिच्याकडं न्या. थे रफू करते.”

दुकान म्हणजे दोन भिंतींच्या मधली जागा. आत दोन माणसं बसली की तिसऱ्यानं रस्त्यावर उभं राहायचं. गुलनारबी पंचावन्नच्या पुढची, अंगानं बारीक, डोळ्यांना चष्मा नाही. उजव्या अंगठ्याचं नख तेवढं वाढवलेलं. तिनं कोट उलटा केला, आतली शिवण थोडी उसवली आणि तिथला एक-एक धागा ओढून काढायला लागली. नवा धागा का नाही घेत, असं मी विचारलं. ती म्हणाली, “बाहेरचा धागा कितीही सारखा असला, तरी थो पाव्हणाच राह्यते. त्याच कपड्याचा घ्याचा.”

वेळ जाईना म्हणून मी खिशातलं पाकीट उघडलं. त्यात त्याच सकाळी कलकत्त्याच्या एका विक्रेत्याकडून आलेलं तिकीट होतं. अठराशे पंच्याण्णव सालचं, व्हिक्टोरिया राणीचं, तीन रुपयांचं, हिरवं आणि तपकिरी. चिमट्यात धरून मी त्याच्याकडे प्रेमानं पाहत होतो. गुलनारबीनं सुई न थांबवता एकदा नजर टाकली आणि विचारलं, “साहेब, हे कोणाकडून रफू करून घेतलं?”

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. “बाई, हा कागद हाये. कागदाले रफू राह्यते काय?”

“राह्यते ना. द्या इकडं.”

तिनं तिकीट तळहातावर ठेवलं, हात तोंडाशी नेला आणि हळूच वाफ दिली. कागदाला ओल लागली तसं तिकीट कडेनं वळायला लागलं. सगळं एका दिशेनं वळलं, फक्त खालचा डावा कोपरा तसाच राहिला. “पाहा,” ती म्हणाली, “कपड्याले ताना राह्यते, उभा धागा, तसा कागदालेही राह्यते. ह्या कोपऱ्याचा ताना आडवा हाये. दुसऱ्याचा तुकडा आणून बसवला इथं.” आणि तिकीट माझ्या हातात देऊन ती पुन्हा कोटाकडे वळली.

घरी येऊन भिंग लावलं, दिवा तिरपा केला, तासभर डोळे फोडले, तेव्हा कुठे केसाएवढी सांध दिसली. ती एका फुंकरीत सांगून मोकळी झाली होती. मला राग आला होता, लाजही वाटली होती, पण खरं सांगायचं तर मी थक्क झालो होतो. रात्रीचं जेवण पुष्पानं दोनदा गरम केलं, तरी मी उठलो नाही.

तिसऱ्या दिवशी कोट आणायला गेलो. भोक कुठे होतं ते मला सापडलं नाही. मी खांदा चाचपत राहिलो आणि ती हसत राहिली. त्यानंतर मी तिथे कोट न घेता जायला लागलो.

गुलनारबीचे वडील निजामुद्दीन. सगळा बाजार त्यांना रफूगरचाचा म्हणायचा. वकिलांचे कोट, लग्नातले शालू, शाली, सगळं त्यांच्याकडे यायचं. लोक कागदही आणायचे, घडीवर फाटलेले निकाहनामे, जमिनीचे नकाशे, शाळेचे दाखले. चाचांनी विद्या मुलाला, जमीरला द्यायची ठरवली होती. पण जमीरचा हात जड. सुई धरली की मोडायची. शेवटी तो मोटारींकडे गेला. आज लोहाऱ्याला त्याचं गॅरेज आहे आणि तिथे तो सुखात आहे. गुलनार तेव्हा नऊ वर्षांची. बाप भावाला शिकवत असताना ती दाराआड बसून चिंध्यांवर तेच करत होती. चाचांच्या हे लक्षात आलं, तेव्हा तिच्या चिंध्यांची टोपली भरली होती. पुढे लग्न झालं, चार वर्षांत नवरा वारला, ती परत आली आणि बापाच्या शेजारी बसली ती आजतागायत त्याच जागी आहे.

चाचांची परीक्षा मोठी कडक. तिनं केलेलं काम ते दारात उन्हाला धरायचे आणि रफू शोधायचे. सापडलं की सगळं उसवून परत हातात. सापडलं नाही की एकच शब्द म्हणायचे, “पास.” पण त्याआधी आणखी एक गोष्ट पाहायचे. त्यांच्या घराण्याचा नियम होता की प्रत्येक रफूत एक धागा उलटा टाकायचा. जिथे धाग्यानं खालून जायचं तिथे एकदाच वरून न्यायचा. गिऱ्हाइकाला तो कधी दिसत नाही, पण जाणत्यानं शोधला तर सापडतो. तो नसला तरी चाचा उसवायचे.

“काहून?” मी विचारलं. “इतकं झाकाचं आन् मंग खूण ठेवाची?”

“अब्बा म्हणत, फाटलेलं झाका. रफू केलं हे नका झाकू. नाईतर रफूगर आन् चोर यायच्यात फरक काय राह्यला?” तिनं सुईत धागा ओवला. “चौतीस साल बसली त्यायच्यापाशी. जाईपर्यंत सात बार पास म्हणाले.”

माझी याडी, म्हणजे आई, भुरीबाई तांड्यावर आयुष्यभर कांचळीवर, म्हणजे आमच्या बायकांच्या चोळीवर, टाके भरत आली. त्या टाक्यांकडे मी कधी नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. ‘बायकांचं काम’ म्हणून सोडून देणारा, शिकून-सवरून पोस्टात गेलेला मी शहाणा. त्या दुकानात बसल्यावर मला याडीची फार आठवण यायची.

एकदा मी तिला हत्ती दाखवला. अठराशे पासष्टपासूनच्या तिकिटांच्या कागदात हत्तीच्या डोक्याचं जलचिन्ह असे. कागद बनतानाच ते उमटवलेलं, वरून काही दिसत नाही. जमीरच्या गॅरेजातून वाटीभर पेट्रोल आणलं, फरशीचा एक काळा तुकडा घेतला, त्यावर अर्ध्या आण्याचं निळं तिकीट पालथं ठेवलं आणि चार थेंब सोडले. कागद भिजला आणि त्यातून कान, सोंड, डोकं वर आलं.

“या अल्लाह! हत्ती!” गुलनारबी ओरडली. गल्लीतली दोन माणसं डोकावली. पेट्रोल उडून गेलं, हत्ती गेला. तिनं पुन्हा थेंब टाकायला लावले. तीन वेळा हत्ती आला आणि तीन वेळा गेला, आणि तिसऱ्यांदा तिचे डोळे पाणावले. “दीडशे साल हा आत बसून हाये,” ती म्हणाली, “आन् कोणाले सांगतलंही नाई त्यानं.”

मग मी तिला सांगितलं की त्या काळचा चांगला कागद चिंध्यांचा करत. जुने सुती-तागाचे कपडे कुजवून, कुटून त्याचा लगदा करायचा. ती माझ्याकडे बघतच राहिली. “म्हंजे हे कपडाच हाये?” तिनं तिकिटावरून बोट फिरवलं. “तरीच म्हटलं, बोटाले वळखीचं काहून लागून राह्यलं.”

तेव्हापासून माझ्याकडे येणारी तिकिटं मी तिच्याकडे न्यायला लागलो. तिला राणी कोणती, साल कोणतं, काही देणंघेणं नव्हतं. ती कडा पाहायची. तिकिटाच्या पानावरून तिकीट फाडलं की कडेच्या दात्यांच्या टोकाला कागदाचे बारीक केस राहतात. लबाडानं नंतर भोकं पाडून केलेले दाते गुळगुळीत असतात. “हे टकले हाये,” ती म्हणायची आणि तिकीट बाजूला सारायची. पोस्टाचा शिक्का खरा की मागाहून मारलेला, हेही ती सांगायची. जुनी शाई धाग्याच्या आत गेलेली असते आणि नवी वर बसून राहते, एवढंच तिचं गणित. एका अमरावतीच्या गृहस्थांनी मुद्दाम परीक्षा पाहायला वीस तिकिटं मिसळून आणली. त्यांनी तीन खोटी घातली होती. तिनं चार काढली. गृहस्थ खवळले, मग भिंग घेऊन बसले, आणि जाताना चपला हातात घेऊन गेले की पायात घालून, याचंही त्यांना भान नव्हतं.

एव्हाना मी तिला आपा, म्हणजे ताई, म्हणायला लागलो होतो. भांडण आमचं एकाच गोष्टीवरून व्हायचं. ती तिकिटांचे तीन ढीग करायची. खरं, खोटं, आणि खरं पण रफू केलेलं. मी म्हणायचो, “आपा, आमच्यात दोनच ढीग राह्यते. रफू केलं, आन् सांगतलं नाई, तर थे खोट्यातच.”

“रफू खोटं नाई. न सांगणारा खोटा,” ती म्हणायची. “तिकिटावर कायले राग काढता?”

हे ऐकलं की मी विषय बदलायचो. त्याला कारण होतं, आणि ते आता सांगून टाकतो.

माझ्या संग्रहाचा जीव एका पत्रात आहे. अठराशे पंचावन्न साली उमरावतीच्या, म्हणजे आजच्या अमरावतीच्या, कापूस व्यापाऱ्यानं मुंबईला पाठवलेलं, घडी घालून लाखेनं बंद केलेलं पत्र, आणि त्यावर एक आण्याचं लाल तिकीट. हिंदुस्थानातल्या पहिल्यावहिल्या तिकिटांपैकी. तेव्हा दातेसुद्धा नव्हते, कारकून कात्रीनं कापून द्यायचा. हे पत्र मला माझ्या पहिल्या पोस्टमास्तरांनी निवृत्त होताना दिलं. देताना म्हणाले, “देवीलाल, तिकिटाचा कोपरा गेला होता. यवतमाळच्या एका रफूगराकडून नीट करून घेतलाय. कुणी विचारलं तर सांगत जा.” पस्तीस वर्षांत कुणी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. पुष्पालासुद्धा नाही. लोक ‘अस्सल, अस्सल’ म्हणत गेले आणि मी मान डोलवत गेलो. गुलनारबीला शेकडो तिकिटं दाखवली, पण ते पत्र मी तिच्या दुकानाच्या आसपासही नेलं नाही.

गेल्या वर्षी नागपूरला संग्राहकांचं मोठं प्रदर्शन ठरलं. माझ्या तिकिटांना मांडायला काचेची पूर्ण एक चौकट मिळाली आणि मधोमध ते पत्र. सुवर्णपदकाची आशा होती. चौसष्टाव्या वर्षी माणसाला अशी हाव सुटावी हे काही बरं नाही, पण सुटली होती. नियम साधा होता. दुरुस्ती लिहून दिली तर गुण कापणार, आणि लपवलेली सापडली तर सगळी चौकट बाद. मला एवढंच जाणून घ्यायचं होतं की ती सापडते का. आणि ते जाणायचा मार्ग एकच होता. गुलनारबीला सापडली नाही, तर जगात कुणाला सापडणार नाही.

तर मी पत्र घेऊन तिच्याकडे गेलो. तिची परीक्षा घ्यायला गेलो, असं म्हटलं तरी चालेल. मोठ्या साळसूदपणे म्हणालो, “आपा, हे पाहा. एकदम अस्सल हाये.”

तिनं हात पुसले. पत्र दारातल्या उजेडात धरलं, आडवं केलं, तिरपं केलं. नख कडेवरून हवेतल्या हवेत फिरवलं. ती एक मिनिट पाहत होती, मग दोन मिनिटं. तिचा चेहरा कोराच होता. ‘नाही सापडत,’ मी मनात म्हणालो आणि मला इतका आनंद झाला की त्याची आज लाज वाटते.

मग तिनं पत्र मांडीवर ठेवलं आणि ओढणीनं डोळे पुसले.

“काय झालं, आपा?”

“अब्बाचा हात हाये.”

मी पत्रावर वाकलो.

“खालचा कोपरा. ह्याच पत्राच्या आतल्या घडीतून धागे घेतले त्यायनं, बाहेरचे नाई. लाल रेषा एकेक केसानं भरली.” तिचं बोट तिकिटाच्या वर थांबलं. “आन् इथं एक उलटा टाकला. पाहा, हा एकच आडवा हाये. तीस सालाच्या वर झाले असतील. मले वाटलं होतं त्यायच्या हातचं आता कुठं काहीच राह्यलं नाई. कोट फाटले, शालू इकले, मानसं मेली. हे राह्यलं, साहेब.”

नंतर तिनं वर पाहिलं. “तुमाले मालूम होतं.”

खोटं बोलायची ती वेळ नव्हती. मी मान हलवली आणि सगळं सांगितलं, पोस्टमास्तरांचे शब्दही सांगितले. ती रागावली असती तर बरं झालं असतं. ती नुसती पत्राकडे बघत होती.

“नागपूरच्या साहेबाले नाई सापडणार,” ती शेवटी म्हणाली. “तुमी न लिहिलं तरी चालून जाईल. पण मंग अब्बा काय होतील, सांगा. तुमी लिहिलं तर अब्बा रफूगर. नाई लिहिलं तर जालसाज, खोटे कागद करणारे.” तिनं पत्र पाकिटात घातलं आणि माझ्या हातात दिलं. “त्यायनं धागा उलटा टाकला होता, साहेब. त्यायनं आपलं काम केलं.”

दोन दिवस घरात माझा नुसता थयथयाट चालला. पुष्पावर विनाकारण ओरडलो. अल्बम काढले आणि परत ठेवले. मेलेल्या पोस्टमास्तरांवरही चिडलो, की काय गरज होती कोपरा नीट करायची, काय गरज होती मला सांगायची. तिसऱ्या दिवशी सकाळी टेबलाशी बसलो आणि चौकटीसाठी चिठ्ठी लिहिली. अक्षर माझं पोस्टातलं, ठळक. ‘तिकिटाचा खालचा डावा कोपरा रफू केलेला. कारागीर : निजामुद्दीन, यवतमाळ.’ पुष्पानं ती वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता चहा टाकला.

नागपूरला मी गुलनारबीला बरोबर नेलं. ती पहिल्यांदाच दुकान बंद ठेवून आली होती, हातात डबा, अंगावर स्वतःच रफू केलेली शाल. परीक्षक पुण्याचे, नामांकित माणूस. आमच्या चौकटीपाशी आले, चिठ्ठी वाचली आणि वाकले. भिंग लावलं. मग पिशवीतून जांभळ्या उजेडाचा दिवा काढला, त्यात नवा कागद आणि नवी शाई लगेच चमकते. काहीच चमकलं नाही. पत्र चौकटीतून काढायला लावलं. पंधरा-वीस मिनिटं गेली. मागे माणसं जमली.

“राठोड,” ते सरळ होत म्हणाले, “मला इथे दुरुस्ती सापडत नाही. चाळीस वर्षं मी हेच करतोय. तुमची काहीतरी चूक होतेय. ही ओळ काढून टाका. इतकं निर्दोष तिकीट असेल तर पदक तुमचंच आहे.”

माझ्या मनात काही आलं नाही असं म्हणालो तर ते खोटं ठरेल. ओळ काढायला मला दोन सेकंद लागले असते. मोठा माणूस स्वतःहून काढ म्हणत होता. गुलनारबी माझ्या शेजारी डबा धरून उभी होती आणि तिच्याकडे पाहायची माझी हिंमत नव्हती.

“ओळ राहू द्या, साहेब,” मी म्हणालो. “ती खरी आहे.”

“मग दाखवा कुठे आहे ते.”

मी बाजूला झालो. गुलनारबी पुढे आली. डबा तिनं माझ्या हातात दिला आणि अंगठ्याचं नख तिकिटाला न लावता वर धरलं. “इथं, साहेब. सारे धागे उभे हाये. हा एक उलटा हाये.”

परीक्षकांनी भिंग तिथे नेलं आणि श्वास रोखून पाहिलं. “दिसला,” ते हळू म्हणाले. मग भिंग काढून डोळे चोळले, पुन्हा पाहिलं आणि म्हणाले, “गेला. दाखवल्याशिवाय मला हा जन्मात सापडला नसता.” त्यांनी विचारलं, हे निजामुद्दीन कोण. तिनं सांगितलं, माझे वडील. त्या माणसानं चष्मा काढून तिला नमस्कार केला. गुण मात्र नियमाप्रमाणे कापले. सुवर्णपदक दुसऱ्याच कुणाला मिळालं. मला एक प्रमाणपत्र मिळालं, ते चांगल्या जाड कागदावर आहे.

परतीच्या एसटीत ती खिडकीशी बसली होती. वर्धा मागे पडेपर्यंत तिनं डोळे मिटलेले होते. मला वाटलं थकली असेल.

“देवीलाल भाऊ,” ती म्हणाली. तीन वर्षांत पहिल्यांदा ‘साहेब’ सोडून भाऊ म्हणाली. “थे परीक्षक काय म्हणाले हो?”

“सापडत नाई म्हणाले.”

ती मान हलवून बाहेर बघायला लागली. देवळी आलं, गेलं. कपाशीची शेतं रिकामी होत आली होती.

“चाळीस साल झाले म्हणाले ना, हेच करते म्हणून?”

“हो. चाळीस वर्षं.”

“आन् भिंग लावलं होतं. थो दिवाही लावला होता.”

“लावला होता, आपा.”

“तरी नाई सापडलं?”

“नाई सापडलं.”

कळंबला गाडी थांबली. माणसं उतरली, चढली. तिनं डबा उघडला, अर्धी पोळी माझ्यापुढे केली, स्वतःची तशीच हातात राहिली. गाडी सुटली तेव्हा ती अगदी बारीक आवाजात, माझ्याशी नाही, म्हणाली, “पास.”